सीटमागची दांडी

आबा,

गेल्या गुरुवारी सकाळी पूजा आटोपून मी लेकीच्या मागे मोटारसायकलवर बसलो आणि शंभर पावलांवर उतरलो. गाडी कल्याणच्या शोरूमची, चालवून बघायला दिलेली. लेक आता बावीस वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ठाण्याला बाळकुमजवळ तिला नोकरी लागली आहे आणि पहिल्या गाडीसाठी तिने दीड वर्ष दम धरला होता. माझ्या डोळ्याच्या पडद्याला त्रास आहे, डॉक्टरांनी मला गाडी चालवायला बंदी केली आहे. तेव्हा ती म्हणाली, "दर संकष्टीला मी नेईन तुम्हाला टिटवाळ्याला. गाडी मात्र तुम्ही सांगाल ती."

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीवर पाठ सरळ ठेवून बसायचं, हँडल रुंद, इंजिन उघडं दिसणारं. सेल्समन म्हणाला, "अंकल, ही नेकेड." मी खाली फरशीकडे बघितलं आणि लेक हसून म्हणाली, "बाबा, गाडीचा प्रकार आहे तो." दुसरी अंगभर प्लास्टिकच्या कवचात, पूर्ण रेसची गाडी, हँडल इतकं खाली की चालवणाऱ्याने टाकीवर ओणवंच व्हावं. मागची सीट पाटाएवढी, पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच. लेकीचा हात त्या दुसरीवरच होता. आणि मी न विचारता बोलून गेलो, "सरळ बसायची घे. घरातलं माणूस मागे बसतं." आबा, शब्द तुमचे होते. आवाजही तुमचाच निघाला. तीस वर्षं मी ते वाक्य घशात सांभाळून ठेवलं होतं की काय, कोण जाणे.

तुम्ही मला गावी काकांकडे ठेवलंत तेव्हा मी चार वर्षांचा होतो. डोंबिवलीची खोली एक, त्यात धाकटा होणार होता. थोरला समजूतदार आहे, राहील, असं तुम्ही काकूला म्हणालात, ते मी दाराआडून ऐकलं. दहावीपर्यंत राहिलो. तुम्ही दिवाळीला यायचात. एसटीतून उतरताना धाकटा तुमच्या खांद्यावर असायचा आणि तुमच्या मोकळ्या हातात माझ्यासाठी काहीतरी. एका वर्षी कंपासपेटी आणलीत. मी धावत आलेलो. तुम्ही पेटी पुढे केलीत, मी घेतली, वाकून नमस्कार केला. तुम्ही म्हणालात, "उंच झालास." पेटी अजून आहे, वर्तुळ काढायचा कंपास तेवढा हरवला.

नव्वद साल उलटल्यावर मी तुमच्याकडे राहायला आलो. त्याच खोलीत, पण पाहुण्यासारखा. ठाण्याच्या कारखान्यात चिकटलो आणि पाच वर्षांनी गाडी घ्यायची ठरली. तेव्हा कवचाच्या गाड्या कुठे होत्या? पण एक टू-स्ट्रोक होती, हँडल जरा खाली, टाकी लांबट, लाल. शनिवारी सुटल्यावर मी ती दुकानाच्या काचेतून बघून यायचो. तुम्ही माझ्याबरोबर आलात. लाल गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि दुकानदारासमोर म्हणालात, "ही कसली गाडी? रस्त्याला लोटांगण घालत जाणार काय कामाला?" दुकानदार हसला. मग तुम्ही मला बाजूला घेऊन ते वाक्य सांगितलंत. सरळ बसायची घे, घरातलं माणूस मागे बसतं. मला तुमचं म्हणणं पटलं होतं, हे खरं सांगतो. घरातलं माणूस म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही माझ्या मागे बसणार, हे मला त्या लाल गाडीपेक्षा मोठं वाटलं. सरळ हँडलची, चॉकलेटी रंगाची घेतली. चाकाखाली लिंबू ठेवलं, हार घातला. तुम्ही सीटच्या मागची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलीत आणि म्हणालात, "दांडी पक्की आहे."

तीन वर्षं दर संकष्टीला मी तुम्हाला टिटवाळ्याला नेलं. पहाटे निघायचं, कल्याण ओलांडायचं, शहाडवरून पुढे, दर्शन घेऊन मला परत कामावर वेळेत पोचायचं. तुम्ही मागे बसता, दोन्ही हात पाठीमागे नेऊन दांडी धरता. रस्ता तेव्हा कसा होता ते तुम्हाला माहीत आहे. खड्ड्यात गाडी आदळते, तुमचा श्वास मला मानेवर लागतो, पण हात दांडीवरून हलत नाहीत. एकदा शहाडला म्हैस आडवी आली. मी जोरात ब्रेक मारला आणि तुमचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं. "बघून चालव," तुम्ही म्हणालात आणि मागे सरकून बसलात. त्या दिवशी देवासमोर डोळे मिटले तर मला मूर्ती दिसेना, पाठीवरची ती एवढीशी जागाच जाणवत राहिली.

मग धाकट्याची वेळ आली. त्याने तशीच लाल टू-स्ट्रोक सेकंडहँड आणली आणि विठ्ठलवाडीच्या एका गॅरेजात तिचं रूप पालटून घेतलं. हँडल कापून खाली बसवलं, पुढे फायबरचं तोंड लावलं, मागची सीट उचलून छोटी केली आणि दांडी काढून फेकली. तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर गॅरेजात गेला होतात. मी विचारलं, "आबा, घरातलं माणूस मागे बसतं ना?" तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "त्याचं वय आहे ते. तू समजूतदार आहेस." धाकटा चहा पिता पिता म्हणाला, "दादा, तुझी गाडी म्हणजे एसटी आहे रे. हात दाखवा, गाडी थांबवा." आई हसली, तुम्हीही हसलात. मीही हसलो, समजूतदार होतो ना.

आठवडाभरात ते झालं. रविवारची संध्याकाळ आहे. मी चाळीच्या तोंडाशी माझी गाडी पुसतो आहे. रस्त्याच्या वळणावरून ती लाल गाडी येते, धाकटा ओणवा झालेला आणि त्याच्या पाठीवर तुम्ही. दोन्ही हातांचा त्याच्या पोटाला विळखा, गाल त्याच्या पाठीला टेकलेला, केस उडताहेत. आणि तुम्ही हसता आहात. साठीला आलेला माणूस, दात दिसेपर्यंत हसता आहात. उतरून आईला ओरडून सांगता, "अगं, जीव घेतला की गं या कार्ट्याने माझा!" मग मी दिसलो तुम्हाला. हसू आवरलंत, सदरा खाली ओढलात आणि मी काही विचारलं नसताना म्हणालात, "धरायला काही नाहीच ना रे त्या गाडीला." मी म्हणालो, "नाही." आणि चाक पुसत राहिलो. चाक केव्हाच स्वच्छ झालं होतं.

वर्षभराने तुमचं दुखणं निघालं तेव्हा मात्र माझी ही 'एसटी'च कामाला आली. कल्याणच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, रिक्षांचा संप होता. तुमच्या हातात दांडी धरायचं बळ उरलं नव्हतं. मी आईला तुमच्या मागे बसवलं, तुम्ही मध्ये. पत्रीपुलाच्या उतारावर आईचा भार पुढे आला आणि तुमची छाती माझ्या पाठीला लागली. हाडं लागली. मी गाडी शक्य तितकी हळू चालवली. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. पूल संपू नये असं वाटत होतं. दवाखान्यात तुम्हाला आत नेल्यावर आई मला म्हणाली, "सारखे हात मागे नेत होते रे. म्हटलं काय शोधताय, तर म्हणाले, दांडी."

तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, पण हे मला अजून पचलेलं नाही. दर संकष्टीला देवापुढे म्हणतो, माझ्या मनातलं आबांबद्दलचं किल्मिष काढ, आणि उंबरा ओलांडला की ते असतंच.

गुरुवारी मी लेकीच्या मागे त्या कवचाच्या गाडीवर बसलो आणि माझे हात आपोआप मागे गेले. दांडी नव्हती. सेल्समनने सांगितलेली सीटखालची खाच मला सापडेना. बोटं मागच्या दिव्यावरून घसरली. "बाबा, मला धरा," लेक म्हणाली. ज्या पाठीवर थोपटून मी तिला झोपवलं ती पाठ वीतभर अंतरावर होती आणि माझे हात पुढे येईनात. "धरा ना, पडाल." मी म्हटलं, "थांबव. उतरतो." तिने विचारलं, "भीती वाटली?" मी हो म्हणालो. तिने गाडीकडे एकदा बघितलं, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "मग ती सरळवालीच घेऊ. मला काय, चालेल." तो सूर मला चांगला ओळखीचा आहे, आबा. त्या सुरात मी आयुष्य काढलं.

तीन दिवस मी विचार केला. हात संकोचाने अडतात हे कळलं, तुमचेही तसेच अडले असतील. पण तेवढ्यावर तुम्हाला सोडून देता येत नाही. धाकट्याच्या पाठीवर तो संकोच कुठे गेला होता? उत्तर मलाच सुचलं आणि ते जास्त लागलं. त्याला तुम्ही न्हाऊ घातलं होतंत, त्याची पाठ तुमच्या हातांना ठाऊक होती. माझी पाठ गावाला वाढली. आणि ते ठरवलं होतं तुम्हीच. माझी लेक तर माझ्याच घरात वाढली, मला तेवढीही सबब नाही.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. तीन वर्षांत, एवढ्या फेऱ्यांत, मी एकदाही मागे वळून म्हणालो नाही, "आबा, मला धरा." लेकीने पहिल्याच दिवशी म्हटलं. मी वाट बघत राहिलो आणि त्या वाट बघण्यालाच समजूतदारपणा म्हणत राहिलो. हे पत्र कुणाला दाखवणार नाही. गावच्या त्या कंपासपेटीत घडी करून ठेवतो.

काल कवचाची गाडी घेतली. दुर्गाडीला नेऊन हार घातला, लिंबू ठेवलं. देवळाच्या उतारावर लेकीने अचानक ब्रेक मारला, माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर खट्कन आपटलं. 'बघून चालव' तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. घरापर्यंत दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते. आबा, फार अवघड नव्हतं.