फेलिक्स चालवून दाखव

कामेरीनो, २ ऑक्टोबर १९५८

चि. एर्सीलियास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

सत्तरीला टेकल्यावर लॅटिन शिकायचं खूळ तुझ्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे. असो. चाळीस वर्षं शाळेत पोरांकडून घोकून घेतलं, मग बहिणीने काय घोडं मारलंय? एकच विशेषण घे, फेलिक्स. मुळात ते फळं धरणाऱ्या झाडाचं, मग माणसाचं, म्हणजे सुखी. पुरुष असो की बाई, प्रथमेत फेलिक्सच. षष्ठी फेलीचिस, चतुर्थी फेलीची.

मीही रोज सकाळी कॉफी उकळेस्तोवर त्याचीच रूपं चालवतो, डोकं जागेवर आहे ना ते बघायला. नाझारेनो म्हणतो, पुन्हा शेगडी विसरलात तर सरळ वृद्धाश्रमात. पोटचा मुलगा बरं का हा.

लोभ आहे तसा राहू दे.
दादा

आंकोना, १९ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

शिवणयंत्राच्या तालावर फेलिक्स चालवते. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारी जपाला लागली. परवा दुपारी डुलकी लागली, तर सगळी झाडं एकामागून एक विभक्तीने चालत आली आणि मी त्यांची मापं घेत होते.

तू शिकावास म्हणून बाबांनी मला शाळेतून काढलं. त्याचा मला राग नाही, असं मी नेहमी म्हणायचे. होता रे. आता उतरला. शेगडी बघत जा.

आठवण ठेव.
एर्सीलिया

कामेरीनो, ३ नोव्हेंबर

चि. एर्सीलियास आशीर्वाद.

सकाळी दरीतलं धुकं गल्लीत आलं होतं. त्यातून मी शाळेत गेलो, वर्गावर. शिपायाने हात धरून घरी आणलं, म्हणाला, गुरुजी, तुम्हाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली.

फेलिक्स, फेलीचिस. पुढचं येत नाही. अर्थसुद्धा निसटला. शनिवारी नाझारेनो येतोय, मला पारखायला. त्याला काही कळवू नकोस. भीती वाटते गं.

दादा

आंकोना, ५ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

चतुर्थी फेलीची, द्वितीया फेलीचेम, अनेकवचन फेलीचेस. अर्थ, फळं धरणारं. सगळं माझ्याकडे आहे, घाबरू नकोस.

शुक्रवारच्या बसने येते, यंत्रासकट, कायमची. नाझारेनोला मी बघते, त्याची लंगोटं मी शिवलीत. तू अडशील तिथून पुढचं मी म्हणेन. आणि एखाद्या सकाळी मलाच ओळखलं नाहीस, तर नवी विद्यार्थिनी समज आणि वर्गात बसू दे.

तुझी,
एर्सीलिया