माळ्यावरची झांज

नारायण पेठ, पुणे
२ जुलै २००७

चि. सौ. नम्रतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून नवल वाटेल. एकाच शहरात पत्र कशाला, असं आमचा श्रीनिवास म्हणालाच. फोनवर आपण दोघी भांडतो. कागदावर भांडायला कष्ट पडतात, म्हणून हा मार्ग. शिवाय खराडी पुण्यात येते की नाही, याचा निकाल पोस्टाने एकदाचा लावावा.

अवनीच्या डॉक्टरांनी दिलेली पुस्तिका तो इथे ठेवून गेला. 'स्वमग्नता' हा शब्द मला पटला नाही. मग्न माणूस सुखात असतो. मागच्या गणपतीत अवनी सुखात नव्हती, एवढं मलाही दिसलं होतं. तिने शालनवन्संच्या हातातली झांज ओढून फेकली, निरांजन कलंडलं, आणि मी सगळ्यांदेखत सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडात मारली. वर तुला म्हणाले, की आईला ऑफिसातून सवड नाही, तर मुलीला वळण कुठून लागणार. त्यानंतर तुम्ही दोघी या घराचा जिना चढला नाहीत.

शाळेत जन्म गेला माझा. हात उगारला की वर्ग गप्प होतो, हे मी ज्ञान समजत होते. अवनी गप्प झाली नाही. तिचा तो आवाज मी भांडी घासताना ऐकते, पोथी वाचताना ऐकते.

हे जन्मापासून असतं, आईच्या नोकरीशी त्याचा संबंध नसतो, असं पुस्तिकेत आहे. ते पान मी पुन्हा वाचलं.

गणपती पंधरा सप्टेंबरला बसतात. आलात तर बरं वाटेल. अवनीला माझा पापा देऊ नकोस. तिला तो आवडत नाही, हे मला पुस्तिकेआधी ठाऊक होतं.

लोभ मागण्याचा हक्क सध्या मला नाही. उरला असेल तेवढा राहू द्यावा.

आई

*

खराडी, पुणे
११ जुलै २००७

ती. सौ. आईंस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. खराडी पुण्यात येते, पण सावकाश येते.

आईला सवड नाही, या तुमच्या वाक्याचा मला राग आला, कारण ते मी स्वतःला आधीच म्हटलेलं होतं. अवनी दोन वर्षांची असताना मी संध्याकाळभर अमेरिकेशी कॉलवर असे आणि ती टीव्हीसमोर. संबंध नाही, असं डॉक्टर सांगतात. दिवसा ते पटतं.

मारण्याचं म्हणाल तर मीही मारलं आहे. शाळेच्या फाटकाशी, ती बूट घालत नव्हती म्हणून. ती रडली नाही. अवनीला लागलं, एवढंच म्हणाली. कुणा तिसऱ्याच मुलीबद्दल सांगावं तसं. घरी येऊन मी बूट तपासला. आत मोजा दुमडला होता.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: आवाज आपल्याला ऐकू येतो, तिला तो लागतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, झांज. तिने झांज ओढली तो उद्धटपणा नव्हता. भाजलं की आपण हात मागे घेतो, तसं ते होतं. हे बरं होणारं दुखणं नाही. ती अशीच आहे आणि शिकायचं ते आपण. श्रीनिवास म्हणतो, लहान आहे, होईल सगळं नीट. तो रोज असं म्हणतो आणि रोज उशिरा घरी येतो.

गणपतीला येणं होणार नाही. तिला पुन्हा त्या खोलीत उभं करण्याचं धैर्य माझ्यात नाही. रागाने लिहीत नाही, भीतीने लिहिते आहे.

रविवारी बाबांचा फोन येतो. ते बोलत नाहीत, तीही बोलत नाही. दोघं रिसीव्हर धरून बसतात आणि मग ठेवून देतात. तिला ते पुरतं. बाबांना नमस्कार.

आपला लोभ मोडलेला नाही, थकला आहे, असं समजावं.

नम्रता

*

नारायण पेठ
६ ऑगस्ट २००७

चि. सौ. नम्रतास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना तुझा नमस्कार सांगितला. त्यांनी मान हलवली. ह्यांच्यापुरता तो मोठाच समारंभ.

ह्यांचं तुला माहीत आहे. आरतीची तयारी झाली की हे चपला घालतात आणि ओंकारेश्वराच्या घाटावर जाऊन बसतात. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीपासून हेच. माझं माहेर आरतीला आलं होतं आणि जावई उठून गेले. तुझा नवरा शिष्ट आहे, असं माझी आई म्हणाली. मी ते मान्य केलं आणि संसार केला. कुणाच्या लग्नात जेवायला थांबले नाहीत, पाहुणे आले की आतल्या खोलीत. मी चारचौघांत टोमणे मारत आले, की आमच्याकडे एक साहेब राहतात, त्यांना माणसं चालत नाहीत. लोक हसतात. हे ऐकून घेतात.

आजोबा आणि नात एकाच मापाची हट्टी, असं शालनवन्सं परवा म्हणाल्या. मी म्हणाले, फरक इतकाच की आजोबांना मारता येत नाही. आम्ही दोघी हसलो. मग मला चहा गेला नाही.

शाळेतल्या दोन-तीन मुली आठवतात. प्रार्थनेच्या वेळी कान झाकणाऱ्या. त्यांना मी दाराबाहेर उभं करत असे. आता वाटतं, त्यांना तिथेच बरं वाटत असेल. पण ही मी स्वतःला दिलेली सूट झाली.

यंदा ये. मी काही व्यवस्था केली आहे. कोणती ते विचारू नकोस. जमलं नाही तर अर्ध्यातून परत जा, मी अडवणार नाही.

थकलेल्या लोभाला विश्रांती देऊन झाली असल्यास त्याने नारायण पेठेत यावं.

आई

*

खराडी
३ सप्टेंबर २००७

ती. सौ. आईंस,
शि. सा. न.

येतो. श्रीनिवास ऑफिसातून थेट येईल, आम्ही दोघी आधी.

मीही एक तयारी केली आहे. तुम्ही सांगत नाही, तर मीही सांगणार नाही.

काही विनंत्या आहेत. तिला वाकून नमस्कार करायला सांगू नये. किती मोठी झालीस, असं म्हणून कुणी जवळ ओढू नये. तिला साधा भात वेगळ्या वाटीत लागतो, त्यावर वरण घालू नये. शालनआत्या बोलतील. त्यांना बोलू द्यावं, तिला त्यातलं काही लागत नाही. मला लागतं.

हे लिहिताना वाटलं, एवढ्या अटी घालून कुणाच्या घरी जावं का. मग वाटलं, अटींशिवाय नेलं त्याचं काय झालं ते आपण पाहिलं.

लोभ बरोबर घेऊन येते आहे.

नम्रता

*

नारायण पेठ
१७ सप्टेंबर २००७

चि. सौ. नम्रतास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू रिक्षा आणायला खाली गेलीस तेव्हा वर काय झालं, ते तू विचारलं नाहीस. पण तुला कळायला हवं.

माझी व्यवस्था तू पाहिलीस. झांज उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. टाळ्या नाहीत, आरती हलक्या आवाजात, असं सगळ्यांना बजावलं होतं. शालनवन्सं म्हणाल्या, गणपती बसवायचा की झोपवायचा. तरी ऐकलं त्यांनी. झांज नाही म्हणून हेही घाटावर गेले नाहीत, मागे खुर्चीत बसून राहिले.

आणि तुझी तयारी ही, की महिनाभर रोज तू अवनीला झांजेसकट आरती ऐकवत होतीस, आवाज थोडा थोडा वाढवत. ती कानांवर हात ठेवून, मन घट्ट करून झांजेची वाट पाहत उभी होती. झांज आलीच नाही. झांज कुठे, झांज कुठे, म्हणत ती टेबलाखाली शिरली आणि डोकं आपटू लागली. तिच्या भल्यासाठी मी जे केलं, तेच तिच्या डोक्यावर पडलं. विचारलं असतं तर कळलं असतं. मला विचारायची सवय नाही.

श्रीनिवास अजून पोचला नव्हता. तिला कुणी हात लावू नका, असं सांगून तू जिना उतरलीस. तुझा चेहरा मी पाहिला. पुन्हा येणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

तेव्हा हे उठले. स्टुलावर चढून झांज काढली, सदऱ्याला पुसली. टेबलापासून लांब जमिनीवर बसले आणि झांज तिच्याकडे सरकवली. तिच्याकडे न बघता म्हणाले, की आपण वाजवली की दुखत नाही. आवाज कधी येणार, ते आपल्याला माहीत असतं.

नम्रता, त्यांनी 'दुखत' हा शब्द वापरला.

अवनी बाहेर आली. तिने एकदा वाजवली, थांबली, पुन्हा वाजवली. शालनवन्संनी आरती पहिल्यापासून धरली. हे निघून गेले नाहीत. कानांत बोटं घालून सगळ्यांदेखत उभे राहिले. वन्सं म्हणाल्या, दादा, कापूस देऊ का. त्यांची आपली थट्टा. हे म्हणाले, दे. वन्संनी पूजेच्या तबकातला कापूस मोडून दिला. तू दारात आलीस ती याच वेळी. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता आणि तू भिंतीला टेकलीस.

तुम्ही गेल्यावर मी ह्यांना विचारलं, की इतकी वर्षं दुखत होतं, तर मला सांगितलं का नाही. त्यांनी कानांतला कापूस काढून ठेवला. मग म्हणाले, मला वाटायचं, सगळ्यांनाच दुखतं. तुम्ही माणसं देवासाठी सहन करता आणि आपल्याला तेवढं जमत नाही. म्हणून लाजेने उठून जात असे.

मी त्याला शिष्टपणा म्हणाले. माझी आई तेच समजून गेली. तिला आता काही सांगता येत नाही.

क्षमा मागितली. ते म्हणाले, कशाची. खरंच कळलं नाही त्यांना. मग ती माझ्यापाशीच राहिली.

अनंत चतुर्दशीला या. अवनीला सांग, झांज खाली काढून ठेवली आहे, तीच वाजवेल. आरती वन्सं म्हणतील, ताम्हन तू धर. उभं राहणं ह्यांना एकदा जमलं. पुन्हा जमलंच पाहिजे, असं मी धरून चालणार नाही. ते घाटावर जातील. या वेळी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.

लोभ असेल तर दार आपलं आपण उघडावं, आम्ही घरी नसू.

आई