विसाव्या सेकंदाचा वेग

प्रिय प्रोफेसर,

बाबा तुला अजून याच नावाने ओळखतात, म्हणून तेच लिहिलं. 'प्रिय' लिहायला हात धजत नव्हता, पण जुनी सवय.

आठवतं, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू मला अवकलन शिकवायचास? माझ्या डोक्यात काही केल्या शिरायचं नाही. मग तू बाबांचीच ट्राम उदाहरणाला घ्यायचास. अंतर भागिले वेळ ही नुसती सरासरी, त्या क्षणाचा खरा वेग हवा तर अवकलन कर, असं दहादा बजावायचास. पुस्तकात ट्रामला 'कण' म्हणतात हे ऐकून बाबा पोट धरून हसले होते. तीस वर्षं ट्राम चालवून शेवटी कणच झालो म्हणाले.

आता खरंच झालेत. तुझा अपघात चौकशीचा अहवाल मला पाठ आहे. ट्राममधलं यंत्र दर दहा सेकंदांनी जागा नोंदवतं. धडकेआधीच्या वीस सेकंदांपैकी पहिल्या दहांत ऐंशी मीटर, नंतरच्या दहांत चाळीस. तू चाळीसला दहाने भागून मोकळा झालास. धडकेचा वेग सेकंदाला चार मीटर, थांब्याजवळची मर्यादा तीन, दोष चालकाचा. रुळावर आलेल्या म्हाताऱ्याचा पाय मोडला आणि बाबांची नोकरी गेली.

ब्रेक वीसही सेकंद एकसारखा लागला होता, हे तुझ्याच अहवालात चौथ्या पानावर आहे. मग मी, तुझी ढ विद्यार्थिनी, समीकरण मांडून बसले. स्थान १०t − ०.२t², त्याचं अवकलन १० − ०.४t. विसाव्या सेकंदाला वेग येतो दोन. चार नाही रे, दोन! मला वाटलं, घाईत तुझ्या नजरेतून सुटलं असेल. तुझ्यासाठी सबबी शोधायची माझी खोड काही जात नाही.

गेल्या आठवड्यात कचेरीत अहवालाची मूळ प्रत बघायला मिळाली. समासात पेन्सिलने १० − ०.४t लिहून खोडलेलं आहे. तुझं अक्षर मी कुठेही ओळखेन. कोणी सांगितलं, बदल्यात काय मिळालं, मला ऐकायचंही नाही. किळस येते.

अपिलाची मुदत सोमवारी संपते. अर्ज तयार आहे, पण बाबा सही करत नाहीत. मी आकडे दाखवले तर माझ्यावरच खेकसतात. प्रोफेसरचं गणित चुकायचं नाही, माझाच पाय उशिरा पडला असणार म्हणतात, आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत बसतात. म्हणून हे पत्र. माझी माफी मागू नकोस, भेटायला तर मुळीच येऊ नकोस. त्यांना फक्त एक ओळ लिही, की तुझं उत्तर बरोबर आलं होतं आणि तू ते खोडलंस.

कधीकाळची तुझीच,
शंकेखोर