अनूची खिरापत

१५ सप्टेंबर, सोमवार
आज परत अनूचं पोट. शाळेचा ड्रेस घातला की दुखतं, दप्तर खुंटीला गेलं की थांबतं. विट्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, काही नाही म्हणाले. काही नाही कसं? पोर वाळत चाललीय. सासूबाईंचं एकच, "नाटकं हायत. दोन रट्टं दे." मी भाकरी थापल्या.

१८ सप्टेंबर
कळलं एकदाचं. जावेच्या चिंगीनं सांगितलं. वर्गात हिला 'मद्राशी' म्हणतात. तोंड उघडलं की हिच्या बोलण्याची नक्कल. शेजारी कोण बसत नाही, "काळा रंग लागंल" म्हणे. अगं, ह्यांच्या चार पिढ्या ह्याच गावच्या! सेलमला ह्यांचं सोनं गाळायचं दुकान, म्हणून पोर तिकडं जन्मली, एवढंच. जूनमध्ये मुद्दाम इकडं आणली, आपल्या माणसांत वाढू दे म्हणून. आपली माणसं!

२३ सप्टेंबर
सकाळी चादर ओली. चौथीतली पोर. मी उठायच्या आधी स्वतःच धुऊन दोरीवर टाकली होती.
शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "लहान हायत ओ पोरी, चेष्टा करत्यात. अनूनंच जरा मिसळायला पायजे." मिसळायला ती काय मीठ आहे? पण हे घरी आल्यावर सुचलं. तिथं बाईंचा चहा पिऊन आले गप.

२८ सप्टेंबर, रविवार
शाळेत हादगा सुरू. मंगळवारची खिरापत अनूची, बाकीच्या पोरींनी ओळखायची! आपणहून म्हणाली, "मम्मी, सुंडल कर. कुणालाच ओळखता येणार नाही." तिकडं नवरात्रात घरोघरी देतात ते, उकडलेले हरभरे, वर खोबरं, कढीपत्ता. किती दिवसांनी हसली. सासूबाई, "गप शिरा कर." मी कशाला ऐकते.

३० सप्टेंबर
डबा रिकामा आला! "सगळ्यांनी खाल्लं?" "हो." "ओळखलं कुणी?" "नाही. मी जिंकले." चाटूनपुसून डबा. ह्यांना लगेच फोन, बघा, लागली पोर मार्गी. अनू जेवली नाही मात्र. दमली असेल.

१ ऑक्टोबर
पहाटेपासून उलट्या. सगळे हरभरे.
चिंगी सांगून गेली. ओळखता नाहीच आलं कुणाला. झाकण काढल्यावर एकीनं नाक धरलं, मग सगळ्यांनी. एकीनंसुद्धा हात लावला नाही. बाई ऑफिसात. आणि ही येताना ओढ्याच्या पुलावर बसून एकटीनं खात बसली, अख्ख्या वर्गाचं.
"टाकून का नाही दिलंस गं?"
"तू पहाटे उठून केलेलंस ना. तुला वाईट वाटलं असतं."
जळो तो हादगा. शिरा केला असता तर... छे. शिऱ्यालाही नाकं धरली असती. आणि मी वेडी काल फोनवर काय काय बोलत होते!

६ ऑक्टोबर, सोमवार
मिरजेला नेली, मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडं. सासूबाई दारात आडव्या, "पोरीला येडी ठरीवतीस व्हय? उद्या कोण करून घील तिला?" "आत्ती, आधी जगू दे की तिला," म्हटलं आणि एसटी धरली.
मॅडम म्हणाल्या, पोट खरंच दुखतं तिचं, खोटं बोलत नाही ती. शाळेशी मी बोलते, नुसती पोरीला औषधं देऊन भागणार नाही. कुणीतरी बोललं हे. परतीच्या एसटीत रडू आवरेना. अनू खिडकीकडं तोंड करून.

९ ऑक्टोबर
ह्यांचा फोन. "दिवाळीला येतो, दोघींना परत घेऊन जातो. काय ते ठरव." मला तर सुटल्यासारखं झालं. अनूला सांगितलं, वाटलं नाचेल.
"तिथल्या पोरी पण म्हणायच्या, तुमच्या गावाला जा. तुला नव्हतं सांगितलं मी."
मग म्हणाली, "माझं गाव कुठलं, मम्मी?"
"हेच की गं," म्हणाले पटकन.
ह्यांना उलट फोन करायचाय. काय सांगू?