पट्टीकाकांच्या टेबलावर

ति. दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (सध्या वाकता येत नाही, म्हणून कागदावरच वाकलो असं समज. कारण पुढे येईल.) तुझी कंबर, आईचे गुडघे आणि वहिनीचा खोकला बरा असेल असं धरून चालतो. पत्र मात्र एकटा असशील तेव्हा वाच.

तर झालं असं, की आमच्या धुलाईखान्यातले टॉवेल मी रोज गल्लीतल्या एका पार्लरला पोचवतो. तिथे मेण लावून पुरुषांच्या अंगावरचे केस उपटणारे एक काका आहेत, त्यांना सगळे पट्टीकाका म्हणतात. आपली भाषा बोलणारा या गावात तो एकच माणूस. पण काकांचं तोंड फक्त टेबलावरच्या गिऱ्हाइकासाठी उघडतं. टॉवेलवाल्याला नुसतं "ठेव तिथे". गिऱ्हाइकाला मात्र तोडक्यामोडक्या इथल्या भाषेत सगळं विचारतात, आई कशी आहे, घरी कधी जाणार, वेळेवर जेवतोस का. पडद्याआडून ऐकून माझा जीव तुटायचा. मला इथे आल्यापासून असलं कुणी काही विचारलेलंच नाही. शेवटी ठरवलं, आपणही टेबलावर आडवं व्हायचं. आता छातीवर आपल्या घराण्यात कुणालाच केस नाहीत हे तुला ठाऊक आहे, पायांवरही नावालाच. उपटण्याजोगं पीक एकाच ठिकाणी होतं. (हसू नकोस.)

काकांनी आधी तपासणी केली. कुठे कापलंय का, पुरळ आहे का, कसलं मलम लावतोस का, केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेत का. मेण आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं, मग माझ्या मांडीवर. मेण लावायला दर वेळी नवी काडी. अंगाला लागलेली काडी परत भांड्यात बुडवणारा भेटला तर चड्डी चढवून सरळ निघायचं, असं त्यांनीच बजावलं. मेण लावतात तेव्हा छान ऊब वाटते, आणि तिथेच माणूस फसतो. घरी कोण कोण असतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई आणि... तेवढ्यात त्यांनी मेणावरची पट्टी खसकन ओढली. मधमाशी नाही दादा, आख्खं पोळं डसलं. लगेच ते तळहात दाबून धरतात, आग निवते, की पुढचा प्रश्न. माणूस उत्तरात गुंतला की ओढायचं, ही त्यांची कामाची रीत. म्हणजे मी ज्या विचारपुशीसाठी गेलो, ती त्यांच्या लेखी नुसती भूल. तरी मी सगळी उत्तरं लांबण लावून दिली.

मग त्यांनी विचारलं, थोरला भाऊ काय करतो. तुझं सायकलचं दुकान सांगितलं, पंक्चर काढताना तू ओठ चावतोस ते सांगितलं, मला कॅरियरवर बसवून बाजारभर फिरवायचास तेही सांगितलं, आणि डोळे भरून आले. काकांचा हात थांबला. म्हणाले, अरे अजून ओढलंच नाही. मी म्हटलं, नका ओढू, अजून सांगायचंय. ते बिचारे स्टूल घेऊन बसले आणि ऐकत राहिले. तोवर मेण गार होऊन दगड झालं. शेवटी तेल चोळचोळून सोडवलं, आणि त्यात मला माझे सगळे पूर्वज दिसले.

आता दोन दिवस गरम पाणी नाही, घट्ट चड्डी नाही, घाम नाही. (आणि मी उभा असतो वाफेच्या इस्त्रीपाशी.) लाली येते, खाजवायचं नाही. पू किंवा ताप आला तर थेट डॉक्टर. मी बदकासारखा चालतोय. मुकादमाने काल विचारलं, काय रे, काय झालं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी विचारलं, आणि त्याला खरं सांगायची सोय नाही.

आईच्या पाया पडतो. वहिनीला खोकल्याचं औषध वेळेवर घ्यायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. केस महिन्याभराने पुन्हा येतील, तेव्हा ये, असं काका म्हणालेत. मी आत्तापासूनच अंघोळीच्या वेळी बघतो. अजून काही नाही.

आणखी एक. तू फोनवर "बरा आहेस ना" म्हणतोस, मी "हो" म्हणतो, आणि तू ठेवतोस. पुढच्या वेळी अजून काहीतरी विचार. उशी कसली आहे, खिडकीतून काय दिसतं, काहीही. फक्त मी सांगायला लागलो की मधेच ठेवू नकोस.