बांधाखालची रानमोडी

आई, तुझ्या भारंगीच्या जागी कमरेएवढी रानमोडी माजली होती. गेले दोन पावसाळे मी ती उपटतेय. कातळाच्या सड्याच्या कडेला, बांधाखाली, जिथून तू ओचाभर कोवळी पानं आणायचीस, तिथेच. कडूपणा जावा म्हणून उकडून पिळायचीस, वाल घालायचीस, आणि मी तोंड वाकडं केलं की म्हणायचीस, "खा गो मुकाट्यानं, औषध आहे ते." भारंगी गेली तेव्हा तू सगळं खापर वरच्या घरातल्या काकीवर फोडलंस. तिची बाग ओस, तिथूनच रानमोडीचं बी आलं, हे तुझ्या डोक्यात पक्कं. बांधावर उभी राहून ओरडलीस, "तुझ्या आळसानं माझी भारंगी खाल्लीन!" मग मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस. तिच्या लेकीच्या लग्नालाही आपण गेलो नाही.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. भाजावळीसाठी, पेरणीआधी जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडायला तू झाडावर चढायचीस आणि गुडघे धरून उतरायचीस. मला बघवेना. एका शिमग्याला मी वहाळापलीकडून वाळलेल्या रानमोडीचे भारे आणले. भाताच्या तरव्याच्या जमिनीवर पसरून जाळायला फुकटचा पाला! शेंड्यांचं पांढरं, हलकं बी वाटभर उडत होतं, मला गंमतच वाटली. भारे चार दिवस भारंगीशेजारी रचून ठेवले. तू म्हणालीस, "हुशार हो माझी बाय." पुढे तिथेच रानमोडी उभी राहिली तेव्हा मला लगेच कळलं. तू काकीला शिव्या घालत होतीस आणि मी भांडी घासत होते.

आता काकीच रोज सकाळी काठी टेकत येते. "कोयता लावू नको गो, परत फुटते. जमीन ओली आहे तोवर मुळासकट ओढ." फुलं धरायच्या आत उपटायची आणि मुळं वर करून कातळावर वाळत टाकायची, एवढंच काम, पण कंबरडं मोडतं. यंदा भारंगीचे चार फुटवे आलेत. काकी एक पान तोडू देत नाही.

काल ती त्या फुटव्यांपाशी बसली आणि म्हणाली, "चूक माझीच गो. बाग साफ ठेवली असती तर तुझी आयस माझ्याशी बोलली असती." डोळे पुसत होती. तेव्हा मला सांगता आलं असतं, आई. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असू दे काकी, झालं गेलं."