चुकीच्या घरातला चहा

ती. मीनावन्सं,

कोपरखैरण्याहून निशिगंधाचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आराम असावा, नसेल तर तेल चोळायचं तुम्ही पुन्हा सोडलंत असं मी धरून चालते. मी इकडे खुशाल आहे. म्हणजे सोमवारी होते आणि आज गुरुवारी संध्याकाळी आहे. मधल्या दिवसांबद्दल मला नीट सांगता येत नाही, म्हणून तर हे पत्र. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग माझं बोलणं अर्धी गल्ली ऐकते. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवते. मोठे करून वाचा, आणि कृपा करून मनातल्या मनात वाचा.

आम्ही दोघांनी मिळून यायचं ठरलं होतं हे तुम्हाला माहीतच आहे. आशुतोष (यांच्या ऑफिसातल्या मित्राचा मुलगा) महिनाभर बंगळुरूला गेलाय, त्याचा इथला फ्लॅट रिकामा, किल्ली आमच्याकडे. चौतीस वर्षांत पहिली ट्रिप. रविवार रात्रीची दोन तिकिटं काढली आणि शनिवारी तुमच्या बंधूंची नवी कवळी हिरडीला टोचायला लागली. डॉक्टर म्हणाले चार दिवस लागतील. हे म्हणाले, तू हो पुढं, मी शुक्रवारी येतो मागनं. इचलकरंजीच्या स्टँडवर सूचनांचा जो वर्षाव झाला तो मी इथे देत नाही, एकच सांगते. कुणीही बेल वाजवली तरी दार उघडायचं नाही, असं मला तीनदा बजावलं. मी बेल न वाजवता दुसऱ्याचं दार उघडू नये, हे मात्र सांगायचं राहून गेलं. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

सोमवारी मी शहाण्यासारखी वागले. सानपाड्याला जाऊन आले, रस्ते बघितले (रस्ते खरंच बघण्यासारखे आहेत, आपल्या तीन गल्ल्या एकात मावतील), उसाचा रस प्यायले, पोळी-भाजी करून जेवले, नऊला झोपले. एकटीनं जेवणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. एक ताट, एक वाटी, आणि मीठ कमी आहे म्हणणारं कुणी नाही.

मंगळवारी सकाळी खाडीकडे गेले आणि दुपारी दोनला परतले. वन्सं, इथली दुपार तुम्ही पाहिलेली नाही. आपल्याकडे दुपारीसुद्धा मागाचा खटखटाट चालू असतो, कुणीतरी भांडत असतं. इथे सगळं गप्प. हवेत कुठून तरी, बहुतेक तळोज्याच्या कारखान्यांकडून, औषधाच्या बाटलीसारखा वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिल्डिंगा, सगळ्या एका उंचीच्या, एका पिवळ्या रंगाच्या, त्याच जागी तोच जिना. गॅलरीत वाळत घातलेले कपडेसुद्धा मला तेच वाटायला लागले. वॉचमनच्या खुर्चीवर स्वेटर ठेवलेला आणि आत माणूस नाही. आशुतोषची बिल्डिंग E. शेजारची F. दोन्हींत फरक खालच्या एका आडव्या रेघेचा, आणि E ची ती रेघ पावसानं धुऊन नेलेली. म्हणजे दोन F झाल्या. मी त्यातल्या खऱ्या F मध्ये शिरले.

तिसरा मजला, डावीकडचं दार, किल्ली लागली. (लागली म्हणजे थोडी हलवावी लागली. आशुतोषच्या दारालाही हलवावी लागते.) आत पडदे ओढलेले, गार अंधार. चपला काढल्या, ओट्याजवळच्या माठातलं पाणी प्यायले आणि भांडं उपडं ठेवताना मनात आलं, आशुतोषकडे माठ कुठे होता? तेवढ्यात पाठीमागून, अगदी हळू आवाजात, कुणीतरी म्हणालं, "आलीस व्हय?"

माझ्या हातातलं भांडं पडलं नाही. पडायला हवं होतं, पण हात इतके गार पडले होते की बोटं उघडेनात. खिडकीशी खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसलेले. पांढरी टोपी, अंगात बंडी, डोळे उघडे पण माझ्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे लागलेले. त्यांना दिसत नाही हे मला कळायला जरा वेळ गेला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. ती झोपलीया." आणि आतल्या खोलीच्या बंद दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, "च्या टाक. तीन कप."

आता तुम्ही विचाराल, मी निघून का नाही आले. वन्सं, तुम्हीच सांगा, चौतीस वर्षं पुरुषाचा चहाचा हुकूम कानावर पडला की आपले पाय कुठे वळतात? मी गॅसचं रेग्युलेटर फिरवलं, आलं किसलं, तीन कप केले. एक त्यांच्या हातात दिला. एक त्यांनी सांगितलं तसा आतल्या दाराशी स्टुलावर बशी झाकून ठेवला. तिसरा माझा. आम्ही दोघांनी आपापला प्यायला. आत कुणी कूस बदलल्यासारखी पलंगाची फळी वाजली तेव्हा मला उलट धीर आला, म्हटलं घरात बाईमाणूस आहे. कप विसळून उपडे घातले, झाकलेला तेवढा राहू दिला, आणि खाली येऊन शेजारच्या बिल्डिंगवर E च्या धुतल्या रेघेचा डाग दिसला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. रात्री फोनवर हे म्हणाले, काय विशेष? मी म्हटलं, काही नाही.

बुधवारी मी परत गेले. शपथेवर सांगते, माफी मागायलाच गेले होते. बेल दाबली, वाजली नाही. दार ढकललं तर उघडंच. "आलीस व्हय?" मी सरळ सांगितलं, बाबा, मी या घरातली नव्हे, काल चुकून शिरले. ते म्हणाले, "ठाव हाय मला. तू कालची. तिच्या हातच्या च्यात आलं नसतंय. टाक."

त्या दिवशी ते बोलले. हौसेराव त्यांचं नाव, पाटणकडचे. वाशीच्या मार्केटला तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली, मग काचबिंदूनं डोळे नेले. बायकोला कधी कुठे नेलं नव्हतं. खाडीकाठी राहून तिनं खरा समुद्र पाहिला नव्हता. डोळे होते तेव्हा ठरलं की गावच्या जत्रेला जायचं आणि तिथनं दोघांनी गणपतीपुळ्याला. ती चार दिवस आधी गेली. हौसेराव मागनं जाणार होते. "आंब्याचा शिजन व्हता," ते म्हणाले, "म्हटलं आज जातो, उद्या जातो. मुकादम सोडंना, आन् मलाबी निघवंना. आठवडा झाला." मग म्हणाले, "आता आलीया परत. पर रागावलीया. दार लावून पडती, माझ्याशी बोलत न्हाई. तू बाईमाणूस, तू बोलून बघ."

मला वाटलं, घरोघरी असतं. दोघं म्हातारी, रुसवा. (तुम्ही आणि भावोजी त्या कुकरवरून दोन महिने बोलत नव्हता, आठवतं?) मी दाराशी गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. ते बघून मी थांबायला हवं होतं. पण हौसेराव कान देऊन बसले होते, म्हणून मी कुलपाशी तोंड नेऊन म्हटलं, अहो बाई, झालं गेलं, त्यांना पस्तावा झालाय, बोला आता. आतून नुसत्या बांगड्या वाजल्या, हात उशाखालून काढताना वाजतात तशा. मी खाली पाहिलं. आत्ताच भरून ठेवलेला कप बशीखाली रिकामा होता. हौसेरावांची काठी खोलीच्या त्या टोकाला भिंतीला टेकलेली, आणि ते खुर्चीतून हललेले नव्हते. त्यांनी विचारलं, "प्यायली न्हवं?" मी हो म्हटलं, कारण प्यायलेली होती.

घरी येऊन मी सगळे दिवे लावले, भर दुपारी. झोपेतही ते कुलूप दिसत होतं.

आज सकाळी गेटापाशी भाजी घेताना गोजराबाई भेटल्या. त्या इथल्याच, बोनकोडे गावच्या. या बिल्डिंगांखाली त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, म्हणून कोण कुठे राहतं ते त्यांना पाठ. मी वरवरचं विचारलं, त्या F मधल्या आजोबांकडे दुपारी कोण असतं हो? त्या मेथीची जुडी बांधत म्हणाल्या, "बाई हाय ना. खिरकीन दिसते. उभी ऱ्हाते." मला हसू आलं, म्हटलं ती मीच, दोन दिवस मीच जातेय. गोजराबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी नाय गो बाय. पावसाल्यापासून हाय ती."

मला दुपारी जायचं नव्हतं. पण मी न गेल्यास त्यांच्या हातात कप कोण देणार, हेही डोक्यातून जाईना. दोनला गेले. आधण ठेवलं, चहापत्ती टाकली आणि दाराचा आवाज झाला. दारात एक तरणी बाई, ऑफिसची पर्स, हातात लिंबू. तिनं मला ओट्याशी पाहिलं, नऊवारी नव्हे पण इरकली नेसलेली, अंबाडा घातलेली, आणि ती चपलांच्या स्टँडवर मटकन बसली. लिंबू घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी ते उचलून दिलं तर घेईना.

ती उन्नती, हौसेरावांची सून. तिचं ऐकून घ्या. दोन दिवस ती संध्याकाळी घरी येत होती तेव्हा तीन कप धुऊन उपडे ठेवलेले. ती स्वतः रेग्युलेटर बंद करून जाते, सासऱ्यांना गॅस पेटवता येत नाही. कप उपडे घालायची सवय सासूची. आणि सासू दोन वर्षांपूर्वी जत्रेला म्हणून गावी गेली, तिथे आठव्या दिवशी दुपारची पडली ती उठलीच नाही. "काकू, मला दोन दिवस घास गेला नाय, एवढं टेन्शन. आज हाफ डे टाकून आले." दाराचं लॅच केव्हाचं बिघडलंय, कुठल्याही किल्लीनं, कधी नुसतं ढकलूनही उघडतं, म्हणून आतल्या खोलीला ती कुलूप लावून जाते, हेही तिनंच सांगितलं. थोडक्यात वन्सं, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी भूत म्हणून दिसले. आम्ही दोघी हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मी विचारलं, मी तर दोनच कप विसळत होते, तिसरा कोण पितं आणि कोण धुतं? तिचं हसू गेलं. तिनं आतल्या खोलीचं कुलूप काढलं. पलंग, कपाट, इस्त्रीचं टेबल. माणूस नाही. चादरीला एकच सुरकुती, कडेला, कुणी बसून उठल्यासारखी. उन्नतीनं ती हातानं सारखी केली.

हौसेराव खुर्चीतून म्हणाले, "उठली का?"

उन्नतीनं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, उठल्या. दार आता उघडंच ठेवतोय. ते म्हणाले, बरं झालं. आणि त्यांनी मान मागे टेकली. इतक्या दिवसांत मी त्यांना असं मोकळं बसलेलं पाहिलं नव्हतं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
निशिगंधा

ता. क. : आता मुद्द्याचं. मघाशी पाचला तुमच्या बंधूंचा फोन आला. कवळी अजून नीट बसत नाही म्हणे, आता सोमवारी निघतो. सोमवारचंही नक्की नाही. त्यांना बोलायला लाज वाटते, हसायला लाज वाटते, म्हणून थांबलेत. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत बसून राहिले, दूध उतू गेलेलं कळलं नाही. वन्सं, तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ते ऐकतात. आत्ता उठा, गुडघा कसाही असू दे, रिक्षा करा, त्यांची बॅग भरा आणि आज रात्रीच्या बसमध्ये त्यांना बसवा. मी सांगितलंय म्हणू नका. बोळकं घेऊन आले तरी चालतील. भात मऊ करते.

ता. ता. क. : एवढी घाई कशाला असं विचारलं तर सांगा, खाडीतले फ्लेमिंगो निघालेत, उद्यापरवा गेले तर वर्षभर दिसायचे नाहीत. त्यांना ते बघायची फार हौस, आणि त्यांच्याशिवाय मी बघायचे नाहीत अशी मला ताकीद होती. मी ते मंगळवारी सकाळीच दोन तास बघून आलेय. हे कुठे बोलू नका. त्यांच्यासोबत मी ते पहिल्यांदाच बघणार आहे.